‘चरक’मधली शिट्टी

कळंबा, कोल्हापूर
५ जानेवारी २०२५

ती. शांतव्वा आत्तीस,
सौंदर्याचा शरणु शरणार्थी.

तुझी तब्येत बरी असेल. गुडघ्याला ते तेल लावतेस की नुसतं उशाशी ठेवलंयस? आणि तुझ्या भावाचा, अप्पांचा, खोकला थांबला का? फोनवर विचारलं की ते ‘मला काय झालंय’ एवढंच म्हणतात, त्यामुळं नेसरीतलं खरंखुरं काय ते तुझ्याकडूनच कळतं. आम्ही दोघं ठीक. धैर्यशीलच्या स्टुडिओत सध्या लग्नाच्या व्हिडिओंचा ढीग आहे. माझी शाळा नेहमीसारखी. यंदा पाचवीची बहुतेक पोरं बेसूर आहेत आणि सगळ्यांनाच गॅदरिंगमध्ये गायचंय.

व्हॉट्सॲपवर का नाही लिहिलं, असं तुला वाटेल. तुझा फोन शेजारची पोरं घेऊन बसतात आणि आलेलं सगळं मोठ्यानं वाचतात, असं अप्पाच सांगत होते. आणि मला जरा सविस्तर लिहायचं होतं.

माझी रेकॉर्ड निघाली, हे तुला कळलंच असेल. नाव ‘काहील’, रस कढवायच्या कढईचं. गेल्या हंगामात गावाकडच्या गुऱ्हाळात मी माइक घेऊन बसायचे आणि तू कट्ट्यावर बसून माझ्याकडं बघायचीस, ते सगळे आवाज त्यात आहेत. रस कढतानाचा आवाज, चुलवाणात चिपाडं ढकलतानाचा, चरकात ऊस शिरतो तेव्हाचा. मध्येमध्ये माझी पेटी. शब्द नाहीत, चाल अशी नाही, ताल यंत्राचाच. चार तुकडे आहेत. ते सगळं एकमेकांत मिसळायचं काम धैर्यशीलनं केलं. घरातलाच माणूस, म्हणून मी त्याला फार छळलं.

पहिले काही आठवडे कोणी चकार शब्द काढला नाही. सासूबाईंनी डोळे मिटून पहिला तुकडा अख्खा ऐकला आणि विचारलं, ‘गाणं कवा सुरू हुतंय?’ इथल्या एका पेपरात चार ओळी आल्या. गुऱ्हाळाचा आवाज ऐकायचा तर गुऱ्हाळावरच जावं, तिथं निदान रस तरी मिळतो, असं लिहिलं होतं. मला हसू आलं. धैर्यशील दोन दिवस धुसफुसत होता.

मग पुण्याचे विश्वजित सरंजामे म्हणून एक समीक्षक आहेत, त्यांनी लांबलचक लेख लिहिला. अशा वेगळ्या संगीताबद्दल मराठीत लिहिणारी दोन-चार माणसं, त्यातले हे. त्यातला एक भाग तुझ्यासाठी उतरवते:

‘तिसऱ्या तुकड्यात, म्हणजे “चरक”मध्ये, एक बारीक शिट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत कानात सुईसारखी टोचत राहते. दुसऱ्या कोणीही ती पुसून टाकली असती. या बाईनं ती ठेवली. ऐकणाऱ्याला सुखानं बसू द्यायचं नाही, असं ठरवायला छाती लागते. सगळी रेकॉर्डच फुटक्या काचेसारखी धारदार आहे, पण ही शिट्टी म्हणजे तिचं टोक.’

त्यानंतर मुंबईच्या एकानं लिहिलं, बंगळूरच्या एकीनं इंग्रजीत लिहिलं. सगळ्यांनी शिट्टीबद्दल लिहिलं. धैर्यशीलनं पेढे आणले. चांगलं वाटलं. म्हणजे, वाटायलाच पाहिजे.

आता एक विचारायचंय. नवीन कामासाठी हवंय. तुला ऐकू येणं कमी झालं तेव्हा आधी काय गेलं? एकदम गेलं की हळूहळू? तुझं तुलाच कळलं की दुसऱ्या कोणी दाखवून दिलं? किती वर्षांची होतीस तेव्हा? चौतीस-पस्तीस असशील ना?

आठवेल तेवढंच लिही. आणि हे पत्र अप्पांना दाखवू नकोस. तुझ्या दुखण्याचं मी गाणं करतेय, असं त्यांना वाटायचं.

उत्तर लवकर दे, एवढंच.

तुझी,
सौंदर्या


कळंबा
२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्तीस,
शरणु शरणार्थी.

तुझं कार्ड मिळालं. ‘पयल्यांदा चिमण्या गेल्या. मला वाटलं गावातल्या चिमण्याच कमी झाल्या. मग बांगड्या. मग दूध उतू जाताना कळंना. कुणी सांगितलं न्हाय, मीच लपवलं. तू कामासाठी इचारत न्हाईस. खरं लिव.’

खरं लिहिते. मला ती शिट्टी ऐकू येत नाही.

सरंजामेंचा लेख वाचला तेव्हा वाटलं, ह्यांनी भलत्याच कुठल्या रेकॉर्डबद्दल लिहिलंय. ‘चरक’ लावला. पट्ट्याची फटफट ऐकू आली, ऊस चिरडतानाचा आवाज आला, माझी पेटी आली. शिट्टी नाही. हेडफोन बदलला, आवाज वाढवला. कान दुखायला लागले तरी शिट्टी नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मोबाइलवर तोच तुकडा लावला. बाकावरच्या पोरांनी लगेच तोंडं वाकडी केली. एक पोरगी म्हणाली, ‘बाई, त्ये शिट्टीचं बंद करा की.’ मी बंद केलं आणि हजेरी घ्यायला लागले. कोण ‘हजर’ म्हणालं, कोण नाही, मला काही कळत नव्हतं. त्यांच्या ओठांकडंच बघत होते.

धैर्यशीलला संध्याकाळी चहा देताना सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘ती शिट्टी जरा जास्त झाली का रे?’

तो म्हणाला, ‘मी तवाच इचारलंतं की. चरकाचं बेअरिंग कोरडं पडलंय, काढू का ही शिट्टी म्हणून. तूच म्हणालीस, राहू दे.’

तो मशीनकडं तोंड करून बसला होता आणि पाठमोराच काहीतरी बोलला होता, हे मला आठवतंय. काय बोलला ते मला कळलं नव्हतं. मी ‘राहू दे’ म्हटलं होतं. हल्ली मी पुष्कळदा असंच करते. काही कळलं नाही की ‘राहू दे’ म्हणते, नाहीतर हसते.

ते जे फुटक्या काचेसारखं म्हणतात ना, तेही तसंच. मी त्याला सारखी म्हणायची, वरचे, बारीक आवाज दबलेत, अजून वाढव. तो वाढवत गेला. मला कमी ऐकू येत होतं म्हणून मी वाढवायला सांगत होते, आणि लोक त्याला माझी शैली म्हणतायत. सगळ्यांनी मिळून माझ्या कानांचं दुखणं ऐकलं, आणि ते मलाच शेवटी कळलं.

राजारामपुरीत कान तपासणारी एक मुलगी आहे, तिच्याकडं एकटीच जाऊन आले. काचेच्या बंद खोलीत बसवतात. कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. आधी दाबत होते. मग आवाज यायचेच बंद झाले. वाटलं, मशीन बिघडलं. काचेतून बघितलं तर ती मशीनवरचं बटण फिरवतच होती आणि मान वर करून माझ्या हाताकडं बघत होती. आत्ती, त्या खोलीत मी जेवढी भ्याले तेवढी आयुष्यात कधी भ्याले नाही. एकदा तर काही ऐकू आलं नसताना बटण दाबलं. तिला ते कळलं असणार.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, ‘घरात आणखी कोणाला आहे का असं?’

मी ‘नाही’ म्हटलं.

तुला मी असं पुसून टाकलं. ‘हो’ म्हटलं असतं तर ते वाढत जाणार हे नक्की झालं असतं. ‘नाही’ म्हटल्यावर सर्दीवर घालता येतं, जोरात ऐकलेल्या आवाजांवर घालता येतं. तिनं पुन्हा यायला सांगितलंय. मी गेलेली नाही.

धैर्यशीलला यातलं काही माहीत नाही. तो चांगला माणूस आहे हे मला कळतं. पण आमचं दोघांचं जमलं तेच ऐकण्यावरून. कॉलेजात असताना आम्ही रंकाळ्यावर एकच हेडफोन दोघांत घालून बसायचो. जातीवरून दोन्ही घरांत केवढं झालं, तू बघितलंयस. एवढं करून आणलेली बायको बहिरी निघाली, तर तो काय करेल? काही करणार नाही. पण त्याला काय वाटेल?

आणि मला सारखं तुझं मुरगूडचं सासर आठवतं. आमच्या घरात त्याबद्दल कोणी बोलत नाही. ऐकू येत नाही म्हणून तुला मुरगूडहून माघारी पाठवली, एवढंच मी लहानपणी ऐकलंय. तेव्हा तू माझ्याएवढीच होतीस.

पुढच्या महिन्यात शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये ‘काहील’ लोकांसमोर वाजवायचंय. सरंजामे पुण्याहून येणार आहेत. आयोजकांची एकच अट, ‘चरक’ झालाच पाहिजे. धैर्यशीलनं हौसेनं शिट्टी वेगळी काढून दिलीय, मिक्सरच्या एका पट्टीवर. पट्टी वर सरकवली की शिट्टी वाढते. लोक तीच ऐकायला येणार. जे मला ऐकू येत नाही ते मी किती वाढवायचं? मी स्क्रीनवरच्या रेघा बघून पाठ करतेय.

रोज जाग आली की आधी पंखा ऐकते, मग नळ, मग दूधवाल्याची गाडी. सगळे आले की मग अंथरुणातून उठते.

लिही मला.

तुझी,
सौंदी


कळंबा
६ एप्रिल २०२५

ती. शांतव्वा आत्तीस,
शरणु शरणार्थी.

पत्राला उशीर झाला. अप्पांनी घरी आल्यावर तुला सगळं सांगितलंच असेल. तरी माझ्याकडून ऐक.

तुझं दुसरं पत्र मला कार्यक्रमाच्या आधीच मिळालं होतं. ‘मुरगूडास्नं मला कुणी घालवली न्हाय. सगळी माझ्या माघारी काय बोलत्यात ते कळंना, म्हणून मला भ्या वाटाय लागलं. म्हणून मी उठून आले. ते न्यायला आलते. दोनदा आलते. मी दार उघडलं न्हाय. तुझ्या बाला सांगितलं, मला न्हाय नांदवत म्हणून सांग सगळ्यास्नी. तू नवऱ्याला सांगून टाक.’

आम्ही सगळे इतकी वर्षं त्या माणसाला शिव्या देत होतो. आणि तुझं इतकं स्पष्ट लिहिलेलं वाचूनही मी धैर्यशीलला सांगितलं नाही. वाटलं, एवढा कार्यक्रम होऊन जाऊ दे.

हॉल भरला होता. सरंजामे दुसऱ्या रांगेत, साधे, पिशवी मांडीवर ठेवून बसलेले. अप्पा पहिल्या रांगेत, फेटा बांधून. धैर्यशील मागं, साउंडच्या टेबलाशी. पहिले दोन तुकडे नीट झाले. लोक इतके शांत होते की मला त्यांचीही भीती वाटली. शांत आहेत की मलाच ऐकू येत नाही?

‘चरक’ सुरू केला. शिट्टीची पट्टी पाठ केली होती तेवढी वर घेतली. स्क्रीनवर रेघ दिसत होती, कानात काही नव्हतं. घरी ठरवलेलं घरापुरतं होतं, आणि हा हॉल लहान, स्पीकर मोठे. तरी मला वाटलं, कमीच पडतेय. आणखी सरकवली.

लोक हलायला लागले. एक बाई उठून गेली. कोणी खाली वाकलं. मला वाटलं, पोचतंय यांच्यापर्यंत. लेखात लिहिलं होतं ना, सुखानं बसू द्यायचं नाही. मी आणखी वर घेतली आणि अप्पांकडं बघून हसले. अप्पांनी दोन्ही हातांनी कान घट्ट दाबून धरले होते. फेटा एका बाजूला सरकला होता. त्यांच्या मागच्या रांगेतल्यांनीही कान धरले होते, आणि त्यांच्या मागच्यांनीही. सगळा हॉल कानांवर हात ठेवून माझ्याकडं बघत होता. मला फक्त पट्ट्याची फटफट आणि माझी पेटी ऐकू येत होती.

मग एकदम सगळ्यांचे हात खाली आले. माझ्या कानांत काहीच बदललं नव्हतं. हात खाली आले म्हणून मला कळलं, की मागं धैर्यशीलनं काहीतरी बंद केलंय.

मी तुकडा पुरा केला. कसा, ते विचारू नकोस. काहींनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. काही शिव्या देत बाहेर पडले असणार.

अप्पा काठी टेकत पायऱ्या चढून वर आले. त्यांनी माझी हनुवटी धरली, माझं तोंड आपल्याकडं वळवलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, ‘बाई, तुला, ऐकू, येत न्हाय काय?’

तुझ्याशी बोलतात तसंच. अगदी तसंच, आत्ती. मी तिथंच पेटीशेजारी बसले. धैर्यशील अप्पांच्या मागं उभा होता. त्यानं ऐकलं. मी ‘नाही’ म्हणून मान हलवली.

तो म्हणाला, ‘कवापासनं?’

‘माहीत नाही.’

‘डॉक्टरकडं गेलतीस?’

‘हो.’

मग तो वायरी गुंडाळायला लागला. सगळ्या वायरी गुंडाळून झाल्या, तरी काहीतरी आवरतच होता. मी त्याच्याकडं बघत बसले. मनात आलं, हेच. मुरगूडला तुला जे वाटलं असेल, ते हेच. उठावं आणि अप्पांबरोबर नेसरीच्या गाडीत बसावं. चप्पल घातलीसुद्धा होती.

घरी येताना त्यानं कळंब्याच्या तलावापाशी गाडी थांबवली आणि आतला दिवा लावला. मला वाटलं, आता तो ओरडणार. तो म्हणाला, ‘लोक कान धरत्यात आणि तू हसायलीस, म्हणून मला वाटलं, हिला लोकांना त्रास द्यायची मजा वाटायलीय. तुझा राग आलाता मला. म्हणून लवकर बंद केलं न्हाय.’ मग म्हणाला, ‘मी भ्यालोय. मला काय बोलावं कळंना झालंय. एवढंच हाय.’ दिवा त्यानं मला त्याचं तोंड दिसावं म्हणून लावला होता, हे मला नंतर समजलं.

दुसऱ्या दिवशी दोघं राजारामपुरीत गेलो. तिनं तोच प्रश्न विचारायच्या आधीच मी सांगितलं, ‘माझ्या आत्तीला आहे. शांतव्वा नाव. नेसरीला असते.’ तिनं लिहून घेतलं. वाढत जाणार, ती म्हणाली. किती वेगानं, ते कोणी सांगू शकत नाही. पाच वर्षं, वीस वर्षं. कोणी सांगू शकत नाही, हे तिनं दोनदा सांगितलं.

मशीन घेतलंय, दोन्ही कानांना. पहिल्या दिवशी सगळं पत्र्याच्या डब्यात घालून हलवल्यासारखं वाटलं. मग ‘चरक’ लावला आणि ती शिट्टी ऐकली. आत्ती, फार वाईट आहे. कोरड्या बेअरिंगची साधी किरकिर. मला तेव्हा ऐकू आली असती तर मी एका क्षणात काढून टाकली असती.

सरंजामेंना मी ईमेल करून सगळं कळवलं. त्यांनी धाडस म्हणून जे लिहिलं ते धाडस नव्हतं, मला ती शिट्टी ऐकूच येत नव्हती, असं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं: ‘शिट्टी होती आणि मी ती ऐकली. ती कोणी ठेवली, याबद्दल माझी चूक झाली. तुमची हरकत नसेल तर तसं छापतो.’ मी दोन दिवस विचार केला आणि छापा म्हटलं. त्यांनी सरळ छापलं, दया दाखवली नाही. दया बाकीच्यांनी दाखवली. एका ठिकाणी ‘बहिऱ्या संगीतकाराची झुंज’ असा मथळा आला. ज्या पेपरानं रसाबद्दल लिहिलं होतं, त्यांनीच घरी फोटो काढायला माणूस पाठवला. सासूबाईंनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, ‘सून झोपलीया.’ मी आतल्या खोलीत जागी होते. बंगळूरच्या बाईनं लिहिलंय, आता ही रेकॉर्ड पहिल्यासारखी ऐकता येत नाही. ते मला पटतं. मलाही येत नाही.

शिट्टी मात्र काढणार नाही. धैर्यशील काढूया म्हणत होता. गेलं वर्ष मला जसं ऐकू येत होतं तशीच ती रेकॉर्ड आहे, आणि पुढच्या वर्षी मला तेवढंही येईल की नाही, माहीत नाही. राहू दे म्हटलं. या वेळी त्याचा प्रश्न ऐकून म्हटलं.

भीती गेलेली नाही. सकाळी मशीन घालायच्या आधी मी अजूनही पंखा ऐकत पडते. एखाद्या दिवशी तो नसेल, असं वाटतं. शाळेत हेडबाईंना सांगितलंय, त्या ‘बघू’ म्हणाल्यात. त्या ‘बघू’चीही भीती वाटते. तुझी भीती कधी गेली का, हे मला विचारायचंय. पण ते कार्डावर नको लिहूस. समोर बसून सांग.

परीक्षा झाल्या की मी नेसरीला येणार आहे. ओठ कसे वाचायचे ते तुझ्याकडून शिकायचंय. धैर्यशीलही येतोय. समोरच्यानं तोंड कसं ठेवायचं, किती हळू बोलायचं, हे त्याला अप्पांकडून शिकायचंय म्हणे. चार दिवस राहू. तू दार उघड, आत्ती. न्यायला नाही, राहायला येतोय.

अप्पांना नमस्कार सांग. त्यांनी त्या दिवशी हनुवटी धरली नसती, तर मी अजून हसतच बसले असते.

भिणारी, तरी येणारी,
तुझी भाची
सौंदर्या